सातबारा नसलेले गाव : आभासी जगातील वास्तव्याचा एक अभ्यास

तापी-पूर्णेच्या संगमाखाली हतनूरचे धरण बांधले गेले, तेव्हा त्याच्या फुगवट्यात आपल्या परिसरातील नदीकाठची जमीन गेली. मुक्ताईनगरला त्या काळी एदलाबाद म्हणत. ज्यांची घरे हलली त्या पिढीतील माणसे आजही ‘बुडीत’, ‘मोबदला’, ‘पुनर्वसन’, ‘प्रकल्पग्रस्ताचा दाखला’ हे शब्द सहज उच्चारतात. हे शब्द त्यांनी शाळेत शिकलेले नाहीत. तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर शिकलेले आहेत. मोबदला पुरेसा होता असे कोणी म्हणणार नाही. पुनर्वसित गावठाणात पाणी, रस्ता आणि स्मशानभूमी यांसाठी किती अर्ज करावे लागतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. परंतु अर्ज करायला जागा होती. सातबारा होता, त्यावर नाव होते, आणि 1976 पासून राज्यात प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदाही होता. ज्यांच्या नावे सातबाराच नव्हता, त्यांच्या वाट्याला मात्र सर्वांत कमी आले.

ही शेवटची गोष्ट आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 साली भूमिहीनांचा जो सत्याग्रह झाला, त्यात खानदेशातील माणसे तुरुंगात गेली. पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसली तिच्यावर नाव दुसऱ्याचे, हा त्या लढ्याचा मूळ प्रश्न होता. कसणारा एक आणि मालक दुसरा, हे नाते आपण फार जवळून पाहिलेले आहे.

आज हे स्मरण करण्याचे कारण वेगळे आहे. आपली मुले सध्या अशा गावांत राहायला जात आहेत, ज्यांची नोंद कोणत्याही तहसील कचेरीत नाही. निवासी शाळेत असेपर्यंत हाती मोबाइल नसतो. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत मूल घरी येते आणि दुसऱ्या दिवसापासून त्या गावी निघून जाते. पालक म्हणतात, “दिवसभर मोबाइल खेळतो.” ‘खेळतो’ हा शब्द येथे अपुरा आहे. तो तेथे राहतो. तेथे त्याला नाव आहे, पोशाख आहे, सवंगडी आहेत. भांडणे आहेत, समेट आहेत, कमावलेली आणि गमावलेली पत आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हे वास्तव्य आहे. ते चांगले की वाईट, हा वाद घरोघरी चालतोच. तेथे राहणाऱ्याचा हक्क कोणता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रथम आभासी जग कशास म्हणावे, हे पाहू. मोबाइलवर चित्रफीत पाहणे म्हणजे आभासी जगात जाणे नव्हे. तेथे एकाच वेळी अनेक माणसे वावरत असतात, प्रत्येकाला एक रूप असते, आणि आपण झोपलो तरी ते जग चालू राहते. आज केलेली गोष्ट उद्या तेथे सापडते. अशा जगाचा पहिला मोठा प्रयोग 1978 साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी केला. त्यात चित्र एकही नव्हते. ‘तुम्ही एका दालनात उभे आहात’ अशा अर्थाची अक्षरे पडद्यावर येत आणि माणसे टंकलेखन करून एकमेकांशी बोलत. पुढे चित्रे आली, आवाज आला. 23 जून 2003 रोजी अमेरिकेतील लिंडेन लॅब या कंपनीने ‘सेकंड लाइफ’, म्हणजे दुसरे आयुष्य, या नावाचे जग खुले केले. त्यात जिंकणे-हरणे नव्हतेच. घर बांधावे, जमीन घ्यावी, दुकान थाटावे, लग्न लावावे, हाच कार्यक्रम होता. आपल्या मुलांच्या तोंडी असलेली ‘रोब्लॉक्स’, ‘माइनक्राफ्ट’, ‘फ्री फायर’ आणि ‘बीजीएमआय’ ही नावे याच कुळातील आहेत. काहींत बंदूक प्रमुख आहे, काहींत वीट. पण चार मित्रांनी ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी भेटणे सर्वांत समान आहे.

या जगातील आपल्या रूपाला ‘अवतार’ म्हणतात. शब्द आपल्याकडूनच गेला आणि इंग्रजी उच्चार घेऊन परत आला. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या आपल्या विद्यार्थ्याला हा शब्द पाचव्या प्रतिज्ञेतून परिचित असतो. बुद्ध हा विष्णूचा अवतार होय, हे मानण्यास तेथे ठाम नकार आहे. संगणकवाल्यांना यातले काही अभिप्रेत नाही, हे खरे. तरी त्या नकारामागचे कारण येथेही उपयोगी पडते. कोणाला कोणाचे रूप म्हणायचे, हे जो ठरवतो त्याच्या हाती सत्ता असते.

मुलांना तेथे का जावेसे वाटते? खेळाची ओढ हे एक उत्तर झाले. पण ते सगळे उत्तर नव्हे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भारतीय खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले, ते आपल्याला माहीत आहेत. ज्या गावात माणसाची वस्ती कोणत्या दिशेला यावरून त्याची ओळख ठरते, त्या गावाबद्दल त्यांना ममत्व नव्हते. आभासी गावाला गावकूस नाही. तेथे प्रवेश करताना आडनाव विचारत नाहीत. बुद्धविहाराजवळच्या वस्तीतला मुलगा आणि पेठेतल्या वाड्यातला मुलगा एका तुकडीत उतरतात, एकमेकांना पाठीशी घालतात, आणि कित्येक महिने दोघांनाही परस्परांची जात ठाऊक नसते. ज्याला वर्गात बोलायला संकोच वाटतो तो तेथे तुकडीचा नायक असतो. ही छोटी गोष्ट नाही. तिची थट्टा करणाऱ्या मोठ्यांनी आपण स्वतः शहरात गेल्यावर आडनाव सांगताना किती वेळा थबकलो, हे आठवून पाहावे.

मात्र हे सुख टिकाऊ नाही. कानाला ध्वनियंत्र लावून बोलायला सुरुवात केली की बोली कळते, बोलीवरून जिल्हा कळतो, आणि मग कोणी तरी आडनाव विचारतोच. 14 एप्रिलला अवताराच्या नावाशेजारी निळा रंग किंवा ‘जय भीम’ लिहिणाऱ्या मुलाला अनोळखी माणसाकडून काय ऐकावे लागते, हे मुलांनाच विचारावे. ती बहुधा घरी सांगत नाहीत. येथे एक कायदेशीर बाब पालकांनी लक्षात ठेवावी. केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये असा निर्णय दिला की इंटरनेटवरून केलेला जातिवाचक अपमानही अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, 1989 च्या कक्षेत येऊ शकतो. अपमानित व्यक्ती समोर उभी असलीच पाहिजे असे नाही. ते प्रकरण यू-ट्यूबवरील चित्रफितीचे होते. खेळातील संभाषणाचा प्रश्न उद्भवल्यास प्रत्येक प्रकरणाचा तपशील पाहावा लागेल. परंतु ‘मोबाइलमध्ये काय बोलले त्याला काय अर्थ?’ असे म्हणून मुलाला गप्प बसवण्याचे दिवस गेले. पडद्याचे छायाचित्र, समोरच्या खात्याचे नाव, तारीख आणि वेळ एवढे जपून ठेवणे मुलाला शिकवावे.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. पुष्कळ मुली तेथे मुलाचे नाव घेऊन वावरतात आणि बोलत नाहीत, कारण आवाज ऐकताच त्रास सुरू होतो. डिसेंबर 2021 मध्ये मेटा कंपनीने, म्हणजे पूर्वीच्या फेसबुकने, ‘होरायझन वर्ल्ड्स’ हे जग अमेरिका व कॅनडात सर्व प्रौढांसाठी खुले केले, आणि त्याच सुमारास तेथे स्त्रियांच्या अवतारांशी लगट झाल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने फेब्रुवारी 2022 मध्ये उपाय काढला. दोन अवतारांमध्ये साधारण चार फुटांचे अंतर राहील आणि कोणीही त्याच्या आत येऊ शकणार नाही, अशी व्यवस्था केली. सक्तीच्या अंतराचा इतिहास आपल्या समाजाला निराळ्या अर्थाने माहीत आहे. येथे अंतर दुर्बलाच्या रक्षणासाठी आखले गेले, हे चांगले झाले. पण अंतर किती असावे, ते कोणासाठी असावे आणि केव्हा उठवावे, हे ठरवताना तेथील रहिवाशांचे मत कोणी घेतले नाही.

आता ‘आभासी’ या शब्दाकडे पुन्हा पाहू. आभास म्हणजे नसलेले असल्यासारखे वाटणे. तेथील तलवार आभासी आहे, यात शंका नाही. तेथील मैत्रीही आभासीच, असे आपण गृहीत धरतो. नॉर्वेमधील मॅट्स स्टीन या तरुणाची हकिकत या बाबतीत विचारात घेण्याजोगी आहे. स्नायू क्षीण करत नेणाऱ्या दुर्धर आनुवंशिक आजाराने तो चाकाच्या खुर्चीत बसून राही आणि बराच काळ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या जगात घालवी. मुलाचे आयुष्य एकाकी गेले, असे आईवडिलांना वाटत असे. नोव्हेंबर 2014 मध्ये वयाच्या 25 व्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या जालनिशीवर मृत्यूची वार्ता लिहिली, आणि देशोदेशींहून पत्रे येऊ लागली. त्याने कोणाला नैराश्यातून सावरले होते, कोणा आईला दुरावलेल्या मुलाशी बोलण्याचा मार्ग सुचवला होता. त्यांतील काही जण प्रवास करून अंत्यसंस्काराला आले. त्यांनी त्याला प्रत्यक्षात कधीही पाहिलेले नव्हते. 2024 साली या आयुष्यावर माहितीपट निघाला. ज्या पालकाला आपल्या मुलाचे तेथील सोबती कोण आहेत हे माहीत नाही, त्याने ती फिल्म अवश्य पाहावी.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर तेही दूर नाही. 2020 च्या टाळेबंदीत भीमजयंती घरात साजरी झाली. त्या वर्षीच्या 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर गर्दी न करता घरूनच अभिवादन करावे असे आवाहन झाले आणि तेथील थेट प्रक्षेपण दाखवले गेले. अनेक विहारांची वंदना मोबाइलच्या पडद्यावर झाली. पडद्यासमोर हात जोडून बसलेल्या आजीची वंदना आभासी होती, असे म्हणायला कोणाची जीभ रेटेल? ‘सेकंड लाइफ’मध्ये तर त्याच्या कितीतरी आधीपासून ध्यानसभा भरत. माणूस आपल्या घरी संगणकापुढे बसलेला, आणि त्याचा अवतार तेथील सभागृहात आसनावर. ग्रेगरी प्राइस ग्रीव्ह या अमेरिकी अभ्यासकाने अशा बौद्ध समूहांत वावरून ‘सायबर झेन’ हा ग्रंथ लिहिला. चैत्यभूमीची माती, दादरची समुद्राची हवा, रांगेत पुढच्याच्या खांद्याला लागणारा आपला खांदा, हे पडद्यावर येत नाही, हे मान्य. तरीही मने जुळली होती, एवढे नाकारता येत नाही.

म्हणजे तेथील माणसे खरी, त्यांचे श्रम खरे, त्यांचे नातेही खरे. मग खोटे काय? माझ्या मते खोटी आहे ती मालकी.

‘सेकंड लाइफ’ने आरंभी अशी जाहिरात केली होती की येथे तुम्ही जमिनीचे मालक होऊ शकता. लोकांनी खऱ्या डॉलरच्या बदल्यात तेथील ‘लिंडेन डॉलर’ घेतले आणि जमिनी विकत घेतल्या. चीनमध्ये जन्मलेल्या व जर्मनीत राहणाऱ्या आयलिन ग्रेफ या बाईंनी ‘आन्शे चुंग’ या अवतारनामाने जमिनीची उलाढाल केली. 2006 साली ‘बिझनेसवीक’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा अवतार झळकला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आपली तेथील मालमत्ता दहा लाख अमेरिकी डॉलरची असल्याचे त्यांनी जाहीर केले. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियातील मार्क ब्रॅग नावाच्या वकिलाने एका पळवाटेने स्वस्तात जमीन मिळवली, असे म्हणून कंपनीने त्याचे खातेच गोठवले. ती जमीन गेलीच, आणि त्याबरोबर आधीची सगळी मिळकतही गेली. ब्रॅग न्यायालयात गेला. कंपनीने बोट दाखवले ते करारनाम्याकडे. प्रवेश करताना त्याने ‘मला मान्य आहे’ या कळीवर टिचकी मारली होती, आणि त्या करारात तंटा न्यायालयात न नेण्याची अट होती. 30 मे 2007 रोजी अमेरिकेच्या संघीय न्यायाधीशांनी ती अट एकतर्फी व अन्यायकारक ठरवून अंमलात आणण्यास नकार दिला. पुढे उभय पक्षांत तडजोड झाली. त्यामुळे आभासी जमिनीचा खरा मालक कोण, या मूळ प्रश्नावर त्या खटल्यात निकाल लागलाच नाही.

असा करारनामा आपणही केलेला आहे. घरातील प्रत्येक मोबाइलमध्ये त्याच्या दहा-वीस प्रती असतील. त्यांचा आशय बहुतेक ठिकाणी एकच असतो. तुम्ही जे विकत घेतले ते वस्तू म्हणून नव्हे, वापरण्याची परवानगी म्हणून घेतले. ती परवानगी आम्ही केव्हाही काढून घेऊ शकतो. कुळाला जमिनीवरून काढायचे तर कुळकायद्याने मालकावर बंधने घातली. हे कूळ मात्र कायद्याच्या आश्रयावाचून आहे.

आपल्या मुलांनी याचा अनुभव घेतला तो 2020 साली. सीमेवरील तणावानंतर केंद्र सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69-अ अन्वये 118 अॅपवर बंदी घातली. त्यांत ‘पब्जी मोबाइल’ होते. आधी डाउनलोड केलेल्यांचा खेळ आणखी काही आठवडे चालला. 30 ऑक्टोबर 2020 रोजी सर्व्हर बंद झाले. टाळेबंदीचे दिवस होते, शाळा बंद होत्या, आणि मुलांना एकमेकांना भेटण्याचे जे एक ठिकाण उरले होते तेही गेले. मोठ्यांना बरे वाटले, हे समजण्यासारखे आहे. राष्ट्रीय सुरक्षेचा निर्णय योग्य की अयोग्य, हा येथे विषयच नाही. माझा मुद्दा एवढाच, की ज्यांनी तेथे वर्षानुवर्षे वेळ आणि पैसा ओतला त्यांना हरकत नोंदवण्यासाठी खिडकी नव्हती, नोटीस चिकटवायला चावडी नव्हती. पुढे 2 जुलै 2021 रोजी दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने आणला आणि जुन्या खात्यातील सामान नव्यात आणण्यासाठी मुदत दिली. एका अर्थाने ते पुनर्वसनच. पण ते कंपनीच्या मर्जीने झाले, हक्काने नव्हे. जुलै 2022 मध्ये तोही खेळ दुकानांतून काढला गेला आणि मे 2023 मध्ये, काही अटींसह, परत आला. तीन वर्षांत दोनदा बुडीत, दोनदा पुनर्वसन. हतनूरचे 41 दरवाजे उघडण्यापूर्वी निदान नदीकाठी इशारा तरी देतात.

बंदी नसतानाही गावे बुडतात. ‘क्लब पेंग्विन’ हे लहान मुलांचे जग 2005 साली सुरू झाले, 2007 साली डिस्ने कंपनीने ते घेतले आणि मार्च 2017 अखेर बंद केले. तेथे एक हिमनग होता. पुरेसे पेंग्विन एका कडेला जमून एकदम खणू लागले तर तो हिमनग कलंडेल, अशी दंतकथा मुलांत पसरलेली होती. वर्षानुवर्षे जगभरातील मुले ठरवून तेथे जमत आणि खणत. हिमनग ढिम्म हलत नसे. जग बंद होण्याच्या अखेरच्या काळात कंपनीने तो एकदाचा कलंडू दिला. इतक्या मुलांच्या इतक्या वर्षांच्या खटपटीने जे झाले नाही, ते कंपनीच्या एका कारागिराने बसल्या जागी केले. मालकी म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगायला मला याहून चांगला दृष्टान्त अजून सापडलेला नाही.

पैशाचा विषय थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पालक आधीच सावध आहेत. बीजीएमआय सुरू झाला तेव्हा अल्पवयीन खेळाडूच्या खर्चावर दिवसाला 7000 रुपयांची मर्यादा घातली, आणि हे संरक्षण म्हणून सांगण्यात आले. ज्या मजुराने कपाशी वेचून मुलाला शिकवले, त्याने ही मर्यादा एकदा वाचावी. तेवढे रुपये हाती यायला किती दिवस राबावे लागते, याचा हिशेब त्याला कागदाशिवाय येतो. बंद पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, ही पद्धत बेल्जियमने 2018 सालीच जुगारात मोडणारी ठरवली. आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन खेळांच्या प्रोत्साहन व नियमनाचा कायदा झाला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ पुरवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-क्रीडा आणि मनोरंजनाचे खेळ मात्र चालू राहतील. म्हणून ‘आता सगळेच बंद झाले’ असे समजू नये. पैशाची फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. लाजेने दोन दिवस घालवले तर रक्कम परत मिळण्याची आशा मावळते.

आरोग्याचा प्रश्नही खरा आहे. मार्च 2019 मध्ये हिंगोलीत रुळांजवळ पब्जी खेळण्यात गुंतलेले दोन तरुण रेल्वेखाली आल्याची बातमी आपण वाचली होती. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर आसक्तीला विकारांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. पण तेथेही अट अशी की खेळावरील ताबा सुटणे, बाकी सर्व कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहणे, हे साधारणपणे वर्षभर दिसले पाहिजे. सुटीत पंधरा दिवस मोबाइल न सोडणारा मुलगा त्यात बसत नाही. त्याला रुग्ण ठरवून मोबाइल हिसकावून घेण्याने फारसे काही साधत नाही. खोलीचे दार आतून लावून बसलेल्या भावाला हाक कशी मारावी, हे मुक्ताईच्या या गावात कोणी परक्याने शिकवायला नको.

यापुढे अभ्यासाचा भाग. आपले बहुतेक विद्यार्थी शेतीच्या घरचे किंवा शेतमजुरांच्या घरचे आहेत. सातबारा त्यांनी पाहिलेला असतो, निदान त्याविषयी घरात झालेले बोलणे ऐकलेले असते. म्हणून माझी सूचना अशी, की ज्या आभासी जगात विद्यार्थी सुटीत जातो, त्याचा सातबारा त्याने स्वतःच्या हाताने, वहीच्या पानावर तयार करावा.

गाव नमुना सातमध्ये प्रथम भोगवटादाराचे नाव येते. येथे विद्यार्थ्याने शोधावे की हे जग कोणत्या कंपनीचे आहे, तिची कचेरी कोणत्या देशात आहे, ते आधी कोणाकडे होते. माइनक्राफ्ट स्वीडनमधील मोयांग या कंपनीकडून 2014 साली अडीच अब्ज डॉलरला मायक्रोसॉफ्टकडे गेले. हा झाला फेरफार. मग कूळ. येथे स्वतःचे नाव लिहावे आणि करारनाम्यातील एक तरी कलम वाचून आपल्याला केव्हा काढता येईल ते नोंदवावे. करारनामा इंग्रजीत असतो, लांबलचक असतो. इंग्रजीच्या शिक्षकांना याहून उपयुक्त उतारा मिळणार नाही. ‘इतर अधिकार’ या रकान्यात देशाचा कायदा काय देतो ते लिहावे. ऑगस्ट 2023 मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते, आणि मुलांचा माग काढून त्यांच्यावर जाहिराती सोडण्यास मनाई आहे. जन्मतारीख खोटी घालून 18 वर्षे पूर्ण केलेले मूल हे सगळे हक्क पहिल्याच पायरीवर सोडून देते. ही गोष्ट मुलांना फारशी कोणी सांगितलेली नसते, आणि सांगितली की ती पटकन कळते. बोजा असेल तर तोही लिहावा : किती पैसे गेले, कोणाचे गेले.

राहिला नमुना बारा, पिकांची नोंदवही. हा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण जमीन दुसऱ्याची असली तरी पीक घरी आणता येते. 12 मार्च 2020 रोजी ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या पत्रकारांच्या संघटनेने माइनक्राफ्टमध्ये एक भव्य ग्रंथालय उभारले. इजिप्त, मेक्सिको, रशिया, सौदी अरेबिया आणि व्हिएतनाम या देशांत दडपले गेलेले लेखन तेथील पुस्तकांत ठेवले आणि दारे सर्वांना उघडी केली. वृत्तपत्र बंद करता येते. मुलांच्या खेळातले ग्रंथालय बंद करायचे कोणाच्या लक्षात येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने 2012 पासून याच खेळाचा उपयोग आणखी एका कामासाठी केला. वस्तीतील सार्वजनिक जागा कशी असावी याचा आराखडा रहिवाशांनीच, त्यांतही तरुणांनी, ठोकळे रचून दाखवायचा आणि मग प्रत्यक्ष काम करायचे. नेपाळमधील कीर्तिपूर येथे एका जुन्या तलावाचा परिसर अशा रीतीने आखला गेला. नकाशा वाचता न येणारी माणसेही तेथे बोट ठेवून सांगू शकली की दिवा इथे हवा, बसायला ओटा तिथे हवा.

आपल्या शाळेत संगणक कक्ष आहे, आणि आवारातील कोणती जागा कशी असावी यावर प्रत्येक तुकडीचे मत आहे. सुटीत तीन तास दुसऱ्याच्या गावी ठोकळे रचणाऱ्या मुलाने वसतिगृहामागच्या मोकळ्या जागेचा आराखडा करून आणला, तर पिकाच्या रकान्यात लिहायला काही तरी मिळेल. जूनमध्ये शाळा उघडल्यावर हे सातबारे वर्गात फळ्याशेजारी लावावेत. ज्याने भोगवटादाराच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले असेल, त्याने उभे राहून त्याचा आधार वर्गाला दाखवावा.